गरम दुधातली पुडी

जीवनच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं, म्हणजे हरवलं नव्हतं आणि विसरलंही नव्हतं. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताना त्याच्या दोन ओळी दिसत आणि मी त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवी. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. कागद सांभाळणं मला जमतं. कागदावर कुणी काही विचारलं असेल तर त्याचं उत्तर देणं हे वेगळं काम आहे, आणि ते मला कधी जमलं असं वाटत नाही. जीवन माझा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा तो आयटीआय करायला यवतमाळला आमच्याकडे येऊन राहिला होता. आता दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. आमच्या घराण्यात साखर आहे, म्हणजे मधुमेह. मला ती तिशीत लागली, त्याला तिशीच्याही आत. त्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली आणि मूल नाही. माझ्या लग्नाला पंचेचाळीस झाली आणि मूल नाही. असं एका रांगेत लिहिलं की आम्ही दोघं एकाच पानावरचे वाटतो, आणि खरं सांगायचं तर गेली दोन-तीन वर्षं तसं वाटण्यात मला एक ऊब मिळत होती. पत्रानं ती ऊब मोडली.

पत्र लांब नव्हतं. ‘काका, हे फोनवर बोलता येत नाही, आई जवळच असते. आणि फोनवर तुम्हालाही बोलता येत नाही,’ अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं की यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासणी केली, दोष त्याच्यात निघाला, साखरेमुळे बीज कमजोर झालं आहे. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या चालू ठेवून वर रोज एक पुडी सांगितली आहे. पुडीत चांगले जंतू असतात आणि त्या जंतूंचं खाद्यही असतं, पोट सुधारलं की बाकीचंही सुधारतं म्हणे. पण जिनिंगमधला एक ओळखीचा माणूस सांगतो की साखरेच्या गोळ्यांनीच बीज मरतं. गोळ्या सोडल्या तरच पुडीचा गुण येईल. त्यानं मोबाईलवर व्हिडिओही दाखवला. ‘मला इंग्रजीतलं कळत नाही, डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. तुम्ही वाचता. वाचून काय ते लिहा. तुमचं नाही आलं तर एक डिसेंबरपासून मी गोळ्या बंद करतो. तुम्ही गप्प राहिलात तर होकार समजेन. तुम्ही नेहमी गप्प राहूनच हो म्हणता.’ शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! त्यात तक्रार नव्हती. मुलानं बापाची एखादी लकब सांगावी तसं ते होतं, आणि मी त्याचा बाप नव्हतो.

नोव्हेंबर संपत आला तेव्हाची गोष्ट. मी दत्त चौकाजवळच्या सादच्या औषधांच्या दुकानात माझ्या गोळ्या आणायला गेलो होतो. साद आमच्याच कॉलेजात होता. ग्रंथालयात पंख्याखाली झोपायला येई आणि उठवलं की ‘सर, एक पान राहिलं होतं’ म्हणे. गोळ्या कापून देता देता त्यानं बाजूचं एक पिवळं खोकं सरकवलं आणि मी त्या खोक्याकडे पाहतच राहिलो. दिवाळीत दिग्रसला पाहिलेलं तेच, जीवनच्या पुड्यांचं खोकं. काय झालं ते सांगता येत नाही, माझ्या तोंडून निघून गेलं, “हेही दे एक.” सादनं खोकं उचललं, उलटं केलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “कोनासाठी पायजे, सर?” मी म्हटलं, “पोटासाठी.” “पोटाचं वेगळं येते ना सर. ते हिरवं. हे...” त्यानं आवाज खाली आणला, पण दुकानात तीन माणसं होती आणि खाली आणलेला आवाज सगळेच जास्त लक्ष देऊन ऐकतात. “हे फॅमिलीचं हाय. म्हंजे, ज्यांले फॅमिली पायजे त्यांचं.” मी म्हटलं, “तेच दे.” मागे उभ्या असलेल्या बाईनं पदर तोंडाशी नेला. साद हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे, त्यानं फक्त पिशवी देताना म्हटलं, “ठंड्या पान्यात घ्याल, सर. गरम नाई. अब्बा ईसबगोल घेतात ना, तसं.” आणि मी ती पिशवी छातीशी धरून बाहेर आलो. समोरून ऑटो जात होते, फळांच्या गाडीवर कुणी संत्र्यांचा भाव करत होतं, आणि एकाहत्तर वर्षांचा मी, हातात दुसऱ्याच्या मुलाचं औषध घेऊन, रस्ता ओलांडायचा विसरून उभा होतो.

सादनं सांगायच्या आधीपासून मला ते माहीत होतं, हे त्याला कुठे माहीत! गरम नाही. दिवाळीत आम्ही दिग्रसला गेलो होतो तेव्हा हेच वाक्य मी पुडीच्या कागदावर वाचलं होतं. त्या दिवसाकडे मन पुन्हा पुन्हा जातं आणि दर वेळी दाराशीच अडकतं, कारण दाराशी रुपीबाईच्या, माझ्या बायकोच्या, हातात विरजणाची डबी होती. रुपी लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून विरजण घेऊन आली होती. आमच्या तांड्यात तशी रीत आहे: नवी सून वेगळी चूल मांडते तेव्हा एखाद्या भरल्या घरच्या म्हातारीकडून चमचाभर विरजण आणते, म्हणजे त्या घरचं भरलेपण दुधातून आपल्या घरी येतं. रुपीचं विरजण तिच्या आजीच्या घरचं, आणि त्या आजीला अकरा लेकरं. आमच्याकडे भरलेपण काही आलं नाही. दही मात्र पंचेचाळीस वर्षं लागत राहिलं. यवतमाळच्या शेजारणी अजून ते मागून नेतात, पण तांड्यातल्या कुठल्याही सुनेनं रुपीच्या हातचं विरजण कधी मागितलं नाही. कुणी तोंडावर काही बोलत नसे. लग्नाच्या घरी म्हाताऱ्या बायका ओळीनं बसत आणि नवी सून वाटी घेऊन रुपीच्या अलीकडच्या बाईपाशी थांबे किंवा पलीकडच्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की उणीव माझ्यात आहे. मी ते माझ्या आईला सांगितलं होतं. भीतभीत, पण सांगितलं. आई म्हणाली, “पुस्तकं वाचून वाचून असं बोलतोस तू. पुरुषात कुठं कमी असते?” आणि वाट्या रुपीला ओलांडून जातच राहिल्या.

तर दिवाळीत, दिग्रसच्या घरी, जीवनची बायको रंजिता सगळ्यांसमोर म्हणाली, “काकी, तुमच्या दह्याचं विरजन मले द्या ना. तुमच्याकडचं दही आंबतच नाई, गोड राह्यते.” तिला रीत माहीत नव्हती असं नाही. तीही तांड्यातलीच. माझी वहिनी, जीवनची आई, बेबीताई, करंज्या तळत होती. तिनं झारा कढईतच ठेवला. “काहून वं? आपल्या घरात विरजन नाई काय?” रंजिता डबीकडेच पाहत होती. बेबीताई माझ्याकडे न पाहता म्हणाली, “द्यायले काही नाई म्हनत. पन लेकराची वाट पाहून राह्यलो आपन. घ्यायचं तं...” पुढचं तिनं तेलात सोडलं. रुपीनं डबी पदराखाली घेतली. इतक्या सवयीनं घेतली की मला वाटलं, ही डबी आणताना तिनं ती परत न्यायचीच तयारी केली होती. तेव्हा जीवन बाजेवरून उठला. “आई, डॉक्टरनं मले दही खा म्हनलं. दह्यातल्या जंतूले काय समजते कोनाचं घर होय ते? त्याले का आडनाव असते?” आणि त्यानं काकीच्या पदराखालून डबी ओढून काढली, लहान मुलासारखी, झाकण उघडून बोट बुडवलं आणि चाटलं. “हे घ्या. आता उष्टं झालं. आता न्या परत!” सगळे हसले. बेबीताईही हसली, कारण पोरगा तिचाच होता. रुपी हसली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग उठून स्वतःच्या हातानं त्या घरच्या दुधात विरजण घातलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वतःला त्या वेळी सांगितलंही, बघ, हा आनंदाचा क्षण आहे. पण मला जे झालं तो आनंद नव्हता. पंचेचाळीस वर्षांत मी ज्या म्हाताऱ्यांच्या ओळीसमोर एकदाही उठून काही बोलू शकलो नाही, तिथं या पोरानं एक बोट बुडवून रुपीला तिची जागा दिली होती. मी कायम कोपऱ्यात बसून एखादं मासिक चाळत असे. आणि रुपी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती नजर मी ओळखली नाही, कारण ती माझ्याकडे कधी वळलीच नव्हती. मला वाटतं तसं. माझ्या वाटण्याचा काय भरवसा. कदाचित वळलीही असेल आणि मी वाचत असेन.

त्यानंतर लगेचच ते झालं. बेबीताईनं जीवनला गरम दूध दिलं, वाफ निघत असलेलं, पितळी पेल्यात. त्यानं खिशातून पुडी काढली, दातांनी फाडली आणि दुधात ओतली. खोकं माझ्याजवळ बाजेवर पडलं होतं. सवयीनं मी आतला कागद काढून उलगडला. छापील कागद दिसला की मी तो वाचतो, मग तो साबणाचा का असेना. त्यात अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की यातले जंतू जिवंत आहेत, पुडी गरम पदार्थात मिसळू नये, थंड पाण्यात, ताकात किंवा दह्यात घ्यावी. मी वर पाहिलं. जीवन चमच्यानं ढवळत होता. त्याला ती पुडी रोज अशीच घ्यायची सवय असणार. महिनाभर तो ते जिवंत जंतू रोज सकाळी आईच्या हातच्या दुधात मारत होता आणि आशेनं पीत होता. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: बेटा, गरम नको. तीन शब्द. “काय वाचता एवढं, भाऊजी?” बेबीताई म्हणाली. “औषधाच्या कागदातबी का गोष्ट असते?” सगळे पुन्हा हसले, आणि मी तो कागद त्याच्या मूळच्या घड्यांवर नीट घडी करून खोक्यात परत ठेवला. जीवननं पेला रिकामा केला, मिशीवरची साय पुसली. मी पाहत होतो. परतीच्या एसटीत रुपी खिडकीशी बसून काहीतरी गुणगुणत होती. मी स्वतःला म्हणत होतो, सांगू नंतर, फोनवर सांगू. मग पत्र आलं आणि सांगायच्या गोष्टी एकाच्या दोन झाल्या.

उत्तर दिलं नाही म्हणून मी वाचलं नाही असं नव्हतं. उलट मी आयुष्यात कधी इतकं मन लावून काही वाचलं नसेल. कॉलेजात नवीन ग्रंथपाल आहे नयन नावाचा, भला मुलगा आहे. तो मला संगणकावर बसू देतो आणि मी काय शोधतो ते पाहायचं नाही म्हणून खिडकीकडे तोंड करून बसतो. मी निबंध वाचले. साखरेनं रक्तात जी खळबळ होते ती बीजापर्यंत पोचते; आतड्यातले जंतू बदलतात; चांगले जंतू आणि त्यांचं खाद्य, म्हणजे कांद्यालसणात आणि चिकोरीच्या मुळात असतं तसलं काहीतरी, दिलं तर ही खळबळ थोडी शांत होते. बहुतेक प्रयोग उंदरांवरचे होते. उंदरांना औषध टोचून साखर लावायची, मग अर्ध्यांना जंतू पाजायचे आणि शेवटी बघायचं की कुणाचं बीज किती धावतं. पाजलेल्यांचं जास्त धावत होतं. माणसांवरचे प्रयोग थोडे, लहान, एकमेकांशी न जुळणारे. प्रत्येक निबंधाच्या शेवटी एकच सूर: आशा वाटते, पण आत्ताच काही ठामपणे सांगता येत नाही. आणि कुठेही, एकाही निबंधात, साखरेच्या गोळ्या सोडा असं नव्हतं. सोडल्या तर ज्या आगीवर हे चमचाभर पाणी शिंपडायचं, तीच आग मोठी करायची. हे मला स्पष्ट कळलं होतं. एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

पण मी तिथं बसून त्या उंदरांचा हेवा करत होतो. हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. माझ्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर सरकवला होता आणि म्हटलं होतं, “साखर आहे, काय करणार?” आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती. काय करणार, हा प्रश्न नव्हता, ते उत्तर होतं, आणि मी ते घेऊन घरी आलो आणि त्याच्यासोबत राहिलो. आता तोच प्रश्न कुणीतरी खरंच विचारला होता. त्यासाठी पिंजरे बांधले होते, तक्ते काढले होते, पिवळी खोकी छापली होती. मी दहा-पंधरा वर्षं उशिरा जन्मलो असतो तरी काही झालं नसतं. तीस-पस्तीस वर्षं उशिरा जन्मायला हवं होतं. जीवन तेवढाच उशिरा जन्मला, एवढंच त्याचं कर्तृत्व. आणि त्याला मूल झालं, तर रुपी त्याच्या घरी जाऊन बसेल. त्याच्या घरच्या दह्यात तिचं विरजण असेल, आणि तांड्यातल्या सुना वाट्या घेऊन तिच्यापाशी थांबतील, आणि मी? माझ्यापाशी कुणी कशासाठी थांबेल? जीवन माझ्यासारखा राहिला तर निदान कुणीतरी माझ्यासारखं असेल. हा विचार मी असा शब्दांत केला नव्हता. तो नुसता पोटात बसून होता, आणि मी रोज पत्रावर चष्म्याचं घर ठेवत होतो.

सादच्या दुकानातून घरी आलो तेव्हा रुपी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मोबाईल तिच्यापुढे परातीला टेकवून ठेवला होता, आवाज मोठा करून. त्यातून रंजिता बोलत होती. “...नाई काकी, दही मस्त लागून राह्यलं. सासूबाईबी खाते आता, कोनी पाह्यत नसलं का.” रुपी हसली. “खाऊ दे, खाऊ दे. आन जीवनची साखर?” “त्याच्यासाठीच तं फोन केलता. थे पहिल्या तारखेपासून गोळ्या बंद करून राह्यले. मी म्हनलं डॉक्टरले पुसा, तं म्हनते काकाले पत्र टाकलं होतं, काकाचं काही उत्तर नाई, म्हंजे काका हो म्हनते. काकी, काकानं वाचलं असन ना सगळं? मले भेव लागते. पोरगं नाई झालं तं नाई झालं, पन यायलेच काही झालं तं म्या का करू?” रुपीचे हात थांबले. ती माझ्याकडे पाहत होती. मी चप्पल काढायची विसरून उंबऱ्यात उभा होतो. “मी सांगतो त्याले,” ती फोनमध्ये म्हणाली. आमच्याकडच्या बायका कधीकधी पुरुषासारखं बोलतात, विशेषतः रागात. “तू भेऊ नको.”

फोन बंद करून तिनं आणखी चार शेंगा सोलल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, “पत्र आलतं?” “आलं होतं.” “कवा?” मी सांगितलं. “थे काचेखालचं? त्याले काय म्हनलं होतं तुमी मले? खुशालीचं पत्र होय.” मी म्हटलं, “मी आत्ता फोन करतो.” आणि केलाही. घंटा वाजली, जीवननं उचलला, मागे जिनिंगचा घरघराट, त्यातून त्याचा आवाज, “हां काका! बोला! जोरानं बोला!” मी म्हटलं, “कसा आहेस?” “बरा आहो! काय म्हनता?” मी म्हटलं, “थंडी पडली का तिकडे?” “पडली काका, लय पडली! इकडे बोंडं निंगून राह्यले ओले, मशीन जाम! काही काम होतं काय?” रुपी माझ्या तोंडाकडे पाहत होती. असल्या गोष्टी जोरानं कशा बोलायच्या? मी म्हटलं, “नाही, सहज,” आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता ती हातातला फोन हिसकावून घेईल आणि स्वतः सांगेल. तिनं घेतला नाही. तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली होती.

“थे काय होय?” मी खोकं बाहेर काढलं. लपवून काय करायचं. तिनं ते हातात घेतलं, ओळखलं. दिवाळीत तिनंही पाहिलं होतं. “जीवनसाठी आनलं?” मी मान हलवली, नाही म्हणून. “मंग?” मी उठलो, आतून वाटीत तिचं दही आणलं, एक पुडी फाडली आणि तिच्यासमोर दह्यात कालवली. पांढऱ्यात पांढरं मिसळलं, काही दिसलंही नाही. एक चमचा तोंडात घातला. चव दह्याचीच होती, थोडी पिठूळ. रुपी डोळे मोठे करून पाहत होती आणि मग तिला हसू फुटलं. ते आवरेना. परातीतल्या शेंगा सांडल्या. “अगं बाई! आता? आता कायले पिऊन राह्यले तुमी? सत्तरी उलटून गेली ना जी!” मीही हसलो असेन. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच होतं असं मी धरून चालतो. मग वाटी माझ्या हातातून घेऊन तिनं उरलेलं दही स्वतः खाल्लं. मला ते अपेक्षित नव्हतं. चमचा चाटून तिनं वाटी खाली ठेवली. “तुमी जळता त्याच्यावर,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “दिवाळीपासून पाहून राह्यली मी. मलेबी वाटते कधीकधी. रंजितावर. खोटं कायले बोलू? डाक्टरकडे हात धरून नेते तिचा नवरा तिले. पन तिनं मांगितलं तं देलं का नाई मी विरजन?” मी सांडलेल्या शेंगा परातीत भरू लागलो. “जळा,” ती म्हणाली, “तुमचं जळनं तुमच्यापाशी ठेवा. पन त्याले उत्तर टाका. तुमी गप्प बसले का त्याले हो वाटते.”

मी टेबलाशी बसलो. ऊन अजून खिडकीत होतं. काचेखालून पत्र काढलं, समोर ठेवलं आणि कागद घेतला. पहिलं वाक्य लिहिलं: गोळ्या बंद करायच्या नाहीत. खाली रेघ ओढली. मी पुस्तकात कधी रेघ ओढू दिली नाही कुणाला, पण इथं दोन ओढल्या. पुढे लिहिलं की तो माणूस आणि त्याचा व्हिडिओ खोटं सांगतात, वाढलेली साखरच बीजाला मारते, गोळ्या सोडल्या तर पुडीचाही उपयोग होणार नाही. काहीही बदलायचं असेल तर डॉक्टरांना विचारायचं, लाज वाटली तर रंजिताला पुढे करायचं, तिला वाटत नाही. मग लिहिलं की पुडी गरम दुधात टाकू नकोस. थंड ताकात किंवा काकीच्या दह्यात घे. यातले जंतू जिवंत असतात, गरमात मरतात. इथं थांबलो. ‘हे मला दिवाळीतच माहीत होतं’ असं लिहावं का? लिहिलं. मग पुढचं वाक्य सुचेना, कारण त्याला पुढचं वाक्य नव्हतं. ते तसंच ठेवलं. मग प्रयोगांबद्दल लिहिलं: बहुतेक उंदरांवर झाले आहेत, माणसांवर थोडे, ठाम कुणी सांगत नाही, त्यामुळे फार आशा धरू नकोस, पण सोडूही नकोस. हे वाक्य मी निबंधांतून घेतलं असं वाटलं, पण वाचून पाहिलं तर ते माझं होतं.

शेवट राहिला. पत्राला शेवट लागतो. मी लिहिलं, ‘मूल झालं तर मला आनंद होईल,’ आणि वाचलं, आणि ते खरं नव्हतं. आजच्या घडीला तरी नव्हतं. खोटं लिहून पाठवायचं तर गप्प राहणं काय वाईट होतं? ‘मला’ खोडलं. वर ‘तुझ्या काकीला’ लिहिलं. आता वाक्य खरं झालं. खोडलेला शब्द दिसत होता. दुसरा कागद घेऊन स्वच्छ प्रत काढावी असं वाटलं. ग्रंथालयात खाडाखोड केलेलं कार्ड मी कधी लावलं नाही. पण नव्यानं लिहायला बसलो तर आज पाठवणार नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत होतं. घडी घातली.

पोस्टात गर्दी नव्हती. स्पीडपोस्टच्या खिडकीत बसलेल्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता संगणकात घातला, नाव विचारलं. “डोंगरसिंग आडे.” तिनं वर पाहिलं, माझं नाव आणि माझा आवाज यांची जुळणी कुणालाच होत नाही, त्याची मला सवय आहे. “दिग्रस,” ती म्हणाली. “पोचून जाईल.” “एक तारखेच्या आत?” “काका, उद्या दुपारी पोचते.” तिनं पाकिटावर चिठ्ठी चिकटवली आणि ते मागच्या टोपलीत टाकलं. उद्या दुपारी. मी ते ऐकलं आणि मला कळलं की ती काहीतरी वेगळं म्हणेल, म्हणजे सुट्टी आहे, गाडी गेली, चार दिवस लागतील, अशी माझ्यातला कोणीतरी अजून वाट पाहत होता. टोपली तिच्या पाठीमागे होती. हात घातला असता तरी पोचला नसता.